सरहद्द की ताबा रेषा?

प्रश्न: इंदूरला आमच्याकडे हिंदी पेपर येतो. त्यात 'वास्तविक नियंत्रण रेखा' असं असतं. आजीला बातम्या मराठीत वाचून दाखवताना मी 'चीनची सरहद्द' म्हणते. काल आजोबांनी टोकलं, "सरहद्द नव्हे ती." मग काय म्हणायचं?

उत्तर: आजोबांचं बरोबर आहे. सरहद्द हा शब्द फारसी 'सर' आणि अरबी 'हद्द' मिळून झालाय. आपली गावाची 'शीव' मात्र थेट 'सीमा'वरून आलेली. राज्याची सरहद्द तहाने ठरते. इंदूरचंच बघा. महिदपूरची लढाई हरल्यावर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांनी इंग्रजांना लिहून दिला. ताबा गेला, हक्कही गेला.

चीनशी असं काही लिहून ठरलेलंच नाही. १९५९ साली चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात या रेषेचा उल्लेख आला, १९९३ च्या करारात भारताने तो शब्द स्वीकारला, पण दोघांना मान्य असा नकाशा आजही नाही. भारत तिची लांबी ३,४८८ किलोमीटर सांगतो, चीन साधारण २,०००. म्हणून मराठीतला 'प्रत्यक्ष ताबा रेषा' हा शब्द मला फार नेमका वाटतो. भाडेकरूकडे घराचा ताबा असतो, म्हणून घर त्याचं होत नाही.

पाकिस्तानच्या बाजूला काश्मीरमध्ये आहे ती 'नियंत्रण रेषा'. १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्ही सैन्यांनी ती नकाशावर आखली, तीही एनजे ९८४२ या बिंदूपर्यंतच. त्यापुढचं मोकळं राहिलं आणि १९८४ पासून सियाचीन हिमनदीवर संघर्ष पेटला. कच्छ-राजस्थानात मात्र खुशाल सरहद्द म्हणा.

प्रश्न: आणि 'कब्जा'? इथे तोच तोंडात बसलाय.

उत्तर: कब्जा मराठीतही आहे, पण त्यात बळजबरी येते. लडाखला लागून असलेल्या, चीनने धरून ठेवलेल्या अक्साई चीनबद्दल बोलताना तोच हवा. रेषेच्या नावात नको.

लडाखमध्ये गलवानला १५ जून २०२० च्या रात्री चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले, तेव्हा जिकडेतिकडे 'घुसखोरी' हाच शब्द होता. मला तो अपुरा वाटला. दर नांगरटीला शेजारी बांधाची वीतभर माती आपल्याकडे ओढतो, चार वर्षांनी नांगराचा अख्खा तास, म्हणजे एक पूर्ण ओळ, त्याच्या शेतात गेलेला असतो. त्याला 'बांध कोरणं' म्हणतात. आजीला तसंच सांगा, तिला लगेच कळेल.