मदत हवी आहे: मडगावच्या फातोर्ड्याहून रात्री सावंतवाडीला परत कसं यायचं?

रविवारी ६ एप्रिल २०२५ला फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध बेंगळुरू, आयएसएल (इंडियन सुपर लीग) फुटबॉलच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना. बेंगळुरूत झालेला पहिला सामना आपण, म्हणजे गोवा, २-० हरलो आणि दोन्ही सामन्यांचे गोल मिळून निकाल लागतो, त्यामुळे घरच्या मैदानावर निदान दोन गोलांच्या फरकाने जिंकावंच लागणार. साखळीत आपण दुसरे होतो, ते तिसरे. आपले बोर्हा आणि सादिकू हे खेळाडू लयीत असले तर हे होऊ शकतं, मला मनापासून वाटतंय. म्हणून घरी टीव्हीसमोर बसायचं नाही.

जायचा प्रश्न नाही, दुपारी निघू. अडचण परतीची आहे. सामना साडेसातला सुरू, म्हणजे साडेनऊला संपेल. पण आपण बरोब्बर दोन गोलांनी पुढे असलो तर एकूण बरोबरी, म्हणून जादा अर्धा तास, कदाचित पेनल्टीही. अशा वेळी मध्येच उठून मी तरी येणार नाही.

कोकणकन्या एक्सप्रेस सामना सुरू होण्याआधीच मडगाव सोडते. ओळखीच्या गाडीवाल्यांना विचारलं, थांबण्याचं भाडं धरून रक्कम परवडत नाही. बरोबर वडील आहेत, वय सत्तरीचं, त्यामुळे रात्री महामार्गावर दुचाकी नको. मुक्काम जमणार नाही, सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचंय. तिकिटं काढली आहेत.

याआधी रात्रीचे सामने बघून बांदा, सावंतवाडी, कुडाळकडे परतलेले कोणी आहेत का? अकरानंतर मडगावहून या बाजूला बस किंवा रेल्वे मिळते का? की पणजी किंवा म्हापशापर्यंत येऊन तिथून काही मिळतं? आणि त्या रात्री कोणाच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत का? पेट्रोलचा वाटा देऊ.