ऑनलाइन राखीव संग्रहात पुस्तकाची पाने किती आणि कशी ठेवता येतात?

प्रश्न (मराठीची अध्यापिका, रत्नागिरी जिल्हा)

सर्व ग्रंथपाल आणि अध्यापकांना नमस्कार.

किनाऱ्यालगतच्या एका महाविद्यालयात मी एम.ए.च्या वर्गाला मराठी शिकवते. कोकणातील साहित्य या विषयासाठी नेमलेल्या संदर्भग्रंथांपैकी बहुतेकांची आमच्या ग्रंथालयात एकेकच प्रत आहे. ती देवघेव काउंटरच्या मागच्या राखीव कपाटात असते आणि दोन तासांसाठी तेथेच बसून वाचायला मिळते. वर्गात ३६ विद्यार्थी आहेत. त्यांतले निम्मे एस.टी.ने ये-जा करतात आणि त्यांची शेवटची सोयीची गाडी साडेचारला सुटते, त्यामुळे तास संपल्यावर थांबणे त्यांना जमत नाही. एका समीक्षाग्रंथाची शिवण झेरॉक्ससाठी वारंवार उताणे दाबल्यामुळे उसवली आहे. ११३ ते १२८ या पानांचा फर्मा उचलताच सुटून हातात येतो आणि पावसाळी दमटपणाने त्याच्या कडा तपकिरी पडल्या आहेत. यापुढे त्याची झेरॉक्स काढू द्यायची माझी तयारी नाही.

महाविद्यालयाने आता मूडल (अभ्याससाहित्य ऑनलाइन ठेवण्याची प्रणाली) सुरू केले आहे, म्हणून नेमलेली प्रकरणे स्कॅन करून तेथे ठेवावीत असा विचार आहे. मात्र मागच्या वर्षी एका सहकाऱ्यांनी एक संपूर्ण पुस्तक पीडीएफ करून विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. ते जिल्ह्याबाहेरच्या गटांपर्यंत पोहोचले आणि पुस्तकाच्या प्रकाशकांचा मला फोन आला. ते गृहस्थ एकट्याच्या बळावर पुस्तके काढतात. ते रागावले नाहीत, पण त्यांच्या बोलण्यातला थकवा माझ्या मनाला लागला. दहा टक्के पाने चालतात असे कोणी म्हणते, तर शिक्षणासाठी सगळेच चालते असे दुसरे कोणी म्हणते. यातले खरे काय, आणि लॉगिन ठेवले म्हणजे पुरेसे आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (ग्रंथपाल, सिंधुदुर्ग)

मॅडम, दहा टक्क्यांचा हा आकडा आपल्या कायद्यात कोठेही नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये कोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही याची यादी आहे आणि शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेले पुनरुत्पादन त्या यादीत आहे. किती पाने, हे तेथे लिहिलेले नाही. म्हणूनच आम्ही पाने मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक मागणीवर अध्यापकांना एकच गोष्ट लिहून मागतो, ती म्हणजे हे प्रकरण अभ्यासक्रमाच्या कोणत्या घटकासाठी हवे आहे. त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नसेल तर आम्ही ते स्कॅन करत नाही. या एका ओळीने आमच्याकडच्या मागण्या फार नेमक्या झाल्या.

स्कॅन करण्यापूर्वी त्या मजकुरावर हक्क शिल्लक आहे का, हे पाहावे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्ये वारले, तेव्हा त्यांची मूळ कविता आपण खुशाल ठेवू शकता. श्री. ना. पेंडसे २००७ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६७ अखेरपर्यंत चालू राहील. येथे एक चूक वारंवार होते. कविता हक्कमुक्त असली, तरी तिच्या अलीकडच्या आवृत्तीतली संपादकांची प्रस्तावना आणि टिपा मुक्त नसतात. आमच्याच एका फाईलमध्ये अशी चाळीस पानी प्रस्तावना कवितांसोबत गेली होती, ती लक्षात येताच मी काढून टाकली.

नियतकालिकांतील लेखांच्या बाबतीत शक्यतो पीडीएफ ठेवू नये, दुवा द्यावा. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-साहित्य योजनेतून मिळणाऱ्या ई-जर्नल्सना कायद्याबरोबर परवान्याच्या अटीही लागू असतात. प्रत्येकाने स्वतःच्याच लॉगिनने वाचावे, पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये आणि अंकच्या अंक एकगठ्ठा उतरवून घेऊ नयेत, या त्यांतल्या मुख्य अटी. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधांचाही दुवाच द्यावा.

आणखी एक मुद्दा आपण विचारलेला नाही, तरीही सांगतो. आपल्या वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याच्यासाठी संपूर्ण पुस्तक त्याला वाचता किंवा ऐकता येईल अशा रूपात करून देण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने स्वतंत्रपणे दिलेली आहे. ती प्रत नफ्यासाठी नसावी आणि त्याच्यासारख्या वाचकांपुरतीच राहावी, एवढी काळजी घ्यावी लागते. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने अशा प्रतींवरच पदवी पूर्ण केली.

उत्तर २ (कायद्याचे अध्यापक, अलिबाग)

वरील उत्तराशी सहमत होऊन लॉगिनच्या प्रश्नाकडे वळतो.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तेथील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्याविरुद्ध २०१२ मध्ये दावा लावला होता. अभ्यासक्रमातील उताऱ्यांचे झेरॉक्स संच विकले जातात, ही त्यांची तक्रार होती. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने अपिलात सांगितले की, घेतलेला मजकूर शिकवण्याच्या हेतूने समर्थनीय आहे का हे पाहायचे, टक्केवारी मोजायची नाही. ते मजकूर अभ्यासक्रमासाठी खरोखर आवश्यक होते का, हे पुराव्याने तपासण्यासाठी दावा परत पाठवला गेला, परंतु २०१७ मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला. ‘शिकवण्याच्या ओघात’ या शब्दांचा अर्थ वर्गातल्या तासापुरता नाही, तर शिकवण्याच्या संपूर्ण प्रक्रियेला तो लागू आहे, ही न्यायालयाची भूमिका आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे.

तथापि तो निकाल कागदावरच्या प्रतींविषयी होता, हे विसरू नये. कायद्याच्या त्या तरतुदीत ‘पुनरुत्पादन’ हा शब्द आहे. एखादी फाईल कोणालाही उघडता येईल अशी संकेतस्थळावर ठेवणे म्हणजे ती जनतेपर्यंत पोहोचवणे होय आणि कलम १४ प्रमाणे तो हक्कधारकाचा वेगळा हक्क आहे. म्हणून लॉगिन अत्यावश्यक आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. त्या सत्रात तो विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांनाच पान दिसावे आणि सत्र संपताच ते बंद व्हावे, अशी मूडलमध्येच व्यवस्था करून घ्यावी. पहिल्या पानावर लेखक, ग्रंथ, प्रकाशक आणि वर्ष छापील प्रतीप्रमाणे द्यावे. आपल्या सहकाऱ्यांच्या हातून जे झाले त्यात शिकवण्याचा हेतू होता, यात मला शंका नाही. परंतु व्हॉट्सॲप गटाला सत्राचा शेवट नसतो आणि वर्गाची भिंतही नसते.

फर्मा सुटलेले ते पुस्तक बाजारात मिळत नसेल तर थेट लेखकांनाच विचारावे असे मी सुचवतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करून देताना करार लेखी असावा लागतो आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते. आपल्याकडच्या अनेक करारपत्रांत मुदतीचा उल्लेखच सापडत नाही. अशा वेळी हक्क लेखकाकडे परत आलेला असू शकतो आणि कोकणातल्या पुस्तकाचा लेखक बहुधा दोन गावे सोडून राहत असतो. परवानगी मिळाली तर ती लेखी घ्यावी आणि ग्रंथालयाच्या फाईलला लावावी.

उत्तर ३ (एम.ए.ची विद्यार्थिनी, गुहागर तालुका)

मॅडम, मी नियमांविषयी बोलू शकत नाही, परंतु विद्यार्थ्यांच्या बाजूने एक विनंती करते. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे फाईल उतरवण्यासाठी सड्यावर चढून जावे लागते आणि जून-जुलैत तेथे उभे राहणेही कठीण असते. सगळा ग्रंथ एका फाईलमध्ये असला की शंभर एमबी होतात आणि अर्ध्यावरच तुटतात. प्रकरणे वेगवेगळी ठेवली, रंगीत स्कॅन केले नाही आणि पाने सरळ राहिली, तर एका वेळी एक लेख उतरवून घरी वाचता येतो. आम्हा वर्गमित्रांत एकमेकांना फाईल पाठवण्याची सवय आहे. ती का पाठवू नये, हे आम्हाला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही. त्या प्रकाशकांच्या फोनची गोष्ट वर्गात सांगितलीत तर आम्ही नक्की ऐकू.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. नेमलेल्या नऊ ग्रंथांपैकी दोन मुक्त आहेत आणि चारांतून एकेकच प्रकरण हवे आहे, असे काल यादी घेऊन बसल्यावर लक्षात आले. प्रत्येकापुढे अभ्यासक्रमाचा घटक लिहून ती यादी मी ग्रंथपालांकडे दिली आहे. उरलेल्या तिघांपैकी दोन बाजारात उपलब्ध आहेत, त्यांच्या प्रत्येकी तीन प्रती मागवण्यासाठी प्राचार्यांकडे अर्ज केला आहे. त्यांतले एक त्याच प्रकाशकांचे आहे आणि त्या प्रती दुकानातून न घेता थेट त्यांच्याकडूनच घ्याव्यात, असे मी अर्जात लिहिले आहे. फर्मा सुटलेल्या पुस्तकाचे लेखक संगमेश्वरला असतात, असे चौकशीत कळले. रविवारी सकाळच्या गाडीने त्यांच्याकडे जाणार आहे. परवानगीचे पत्र मी दोन प्रतींत टाइप करून ठेवले आहे.