शेक (किरणोपचार) देण्याआधी गाठीची जैविक तपासणी सक्तीची असावी का?

मूळ लेखन, निवृत्त शिक्षक, दारव्हा:
तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या सवयीतून माझ्या मोठ्या भावाला जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला. सात आठवड्यांत ३५ वेळा मिळून ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतका शेक त्याने सोसला, लाळ आटली, भाकर कालवूनही गिळता येईना, आणि चार महिन्यांत गाठ पुन्हा वर आली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची गाठ मात्र तेवढ्याच शेकाने विरघळली. घशाच्या कर्करोगावरील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एचपीव्ही विषाणूमुळे गाठ झालेल्यांपैकी ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर विषाणू नसलेल्यांपैकी ५७.१ टक्केच. दहा जनुकांवरून किरणसंवेदनशीलतेचा, म्हणजे गाठ शेकाला किती दाद देईल याचा, निर्देशांक काढण्याची पद्धतही तयार झाली आहे. एवढे कळत असताना सर्वांना एकाच मापाचा शेक देणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद, परिचारिका, वणी:
गुरुजी, तुमचे दुःख मी समजू शकते, पण सक्तीला माझा विरोध आहे. आमच्याकडचे कितीतरी रुग्ण तोंडात फोड आले की चौथ्या-पाचव्या आठवड्यात गावी निघून जातात, आणि वेचणीचा हंगाम असेल तर आठ-आठ दिवस परतत नाहीत. साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी इतक्या वेगाने वाढू लागतात की खंडाच्या प्रत्येक दिवसामागे सुमारे ०.६ ग्रे शेक वाया जातो. जनुकांच्या तपासणीवर खर्च करण्यापेक्षा रुग्णासोबत राहणाऱ्याची जेवणाची आणि मुक्कामाची सोय करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद, किरणोपचार विभागातील डॉक्टर, नागपूर:
ताईंच्या हिशेबात मी एक भर घालतो. प्राणवायू कमी पोहोचलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते, म्हणून रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हाच गरिबांना परवडणारा मार्कर (आधीच अंदाज देणारी खूण) समजावा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या आपल्या पट्ट्यात तर तो आधी पाहावा. गुरुजींच्या मुद्द्यात मात्र एक गल्लत आहे. गाठ एचपीव्हीची आहे का हे एका प्रथिनावरून ओळखणारी पी-१६ चाचणी रुग्णाचे पुढे काय होण्याची शक्यता आहे ते सांगते, कोणता उपचार कमी करावा ते सांगत नाही. २०१८ साली निकाल आलेल्या दोन वैद्यकीय प्रयोगांत अशा ‘चांगल्या’, म्हणजे एचपीव्हीची गाठ असलेल्या, रुग्णांना शेकासोबत सिस्प्लॅटिन या नेहमीच्या औषधाऐवजी सौम्य समजले जाणारे सेटुक्सिमॅब हे औषध दिले, तेव्हा त्यांचे जगणे घटले. शिवाय आपल्याकडच्या गालाच्या आणि हिरडीच्या गाठी बहुतांश तंबाखूच्या असतात. तिथे पी-१६चा फारसा उपयोग नाही.

मूळ लेखक:
डॉक्टरसाहेब, शेकाची मात्रा ठरवण्यासाठी ही चाचणी पुरेशी नाही, एवढे मी मान्य करतो. पण भावाची गाठ गालाची नव्हती, जिभेच्या मुळाची, घशातली होती, म्हणजे तुमच्याच म्हणण्यानुसार तिथे पी-१६ला अर्थ होता. सात आठवडे तोंड भाजून घेण्याआधी पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्याला कोणी सांगितले असते तर निर्णय त्याने स्वतः घेतला असता. बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा अजून प्रयोगशाळेत आहे. सोमवारी मी तो मागायला जाणार आहे.