विषय: स्वमग्न मुलांसाठी सप्लिमेंट्स – कुणाला अनुभव आहे का?

प्रेषक: नेहा (एडिसन)

नमस्कार मंडळी,

लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचा आर्य साडेचार वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. शाळेतर्फे स्पीच आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे, शब्द हळूहळू येताहेत. खाण्याचं मात्र अवघड आहे. दहीभात, फ्राइज आणि एकाच कंपनीची बिस्किटं. ताटात दुसरं काही दिसलं तरी रडारड.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी फिरतेय: ओमेगा-३, मॅग्नेशियमसह बी-६, डीएमजी (डायमिथाइलग्लायसिन नावाचं सप्लिमेंट), झिंक, प्रोबायोटिक आणि झोपेसाठी मेलाटोनिनच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या). सगळं घ्यायचं तर महिन्याला २०० डॉलरच्या वर जातं. शिवाय सासूबाई नाशिकहून सुवर्णप्राशनाची बाटली आणताहेत. कुणी दिलंय का हे? खरंच फरक पडतो?

प्रेषक: मिलिंद

नेहा, नक्की दे. माझ्या ऑफिसातल्या मित्राने मुलाचं गहू-दूध बंद केलं, बी-६ चालू केलं. सहा महिन्यांत पोरगा बोलायला लागला. डॉक्टर लोक हे सांगत नाहीत. आणि नैसर्गिकच आहे सगळं, नुकसान तर काही नाही ना!

प्रेषक: दीपक काका (गणेशोत्सव समिती)

ज्या तिघांनी या मेलला उत्तर देऊन २१-२१ उकडीच्या मोदकांची मागणी नोंदवली आहे, त्यांनी कृपया मोदकांच्या मेलवर पुन्हा लिहावं. इथे धरली जाणार नाही.

प्रेषक: शुभांगी

नेहा,

मी २२ वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे आणि माझा ओंकार आता १९ वर्षांचा आहे. त्याच्या लहानपणी आमच्या फ्रिजच्या दारात सात बाटल्या होत्या, तेव्हा मला कुणी शहाणी समजू नये.

आधी मिलिंदचं शेवटचं वाक्य. २०१६ साली लंडनच्या डॉक्टरांनी एका चार वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची केस छापली. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, तीन आठवड्यांत जवळजवळ तीन किलो वजन उतरलेलं. रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलं होतं. निसर्गोपचारवाल्याच्या सांगण्यावरून त्याला बारा सप्लिमेंट्स चालू होती, त्यात ड जीवनसत्त्वही होतं. सुदैवाने मूल बरं झालं. आईवडिलांनी प्रेमापोटीच दिलं होतं सगळं.

बी-६ चं वेड आपल्या आधीच्या पिढीचं. त्याचे मोठे पुरस्कर्ते बर्नार्ड रिमलँड, मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील. 'आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं' हा त्या काळचा समज त्यांनी १९६४ च्या पुस्तकात खोडून काढला. त्यासाठी आपण सगळ्या आया त्यांच्या ऋणात आहोत. पण बी-६ बाबत त्यांचा उत्साह पुराव्यात उतरला नाही. २००५ च्या कोक्रेन आढाव्यात (झालेले सगळे अभ्यास एकत्र पारखणारा आढावा) मोजून तीन छोटे अभ्यास हाती लागले, आणि त्यांवरून शिफारस करता येत नाही असं ठरलं. बी-६ चा मोठा डोस बरेच महिने घेतला तर हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. मोठा माणूस म्हणेल, मुंग्या येताहेत. जे मूल अजून 'पाणी' म्हणायला शिकतंय ते काय म्हणणार?

'पण आमच्या मुलाला फरक पडला' याचं काय? नव्वदीच्या अखेरीस सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाची लाट होती. १९९८ मध्ये तीन मुलं सुधारल्याचं छापून आलं आणि अमेरिकाभर पालक धावत सुटले. १९९९ मध्ये नीट चाचणी झाली: काहींना सिक्रेटिनचं एक इंजेक्शन, काहींना नुसतं खारं पाणी. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, सारखीच. निकाल कळल्यावरही ६९ टक्के पालकांना ते अजून हवंच होतं.

मला त्यांचं हसू येत नाही. ओंकारला डीएमजी सुरू केलं त्याच महिन्यात नवी स्पीच थेरपिस्ट आली होती. तो पहिल्यांदा 'दे' म्हणाला तेव्हा मी बाटलीला हात जोडले. मग एकदा बाटली संपली आणि घर बदलण्याच्या गडबडीत मागवायची राहून गेली. पाच आठवड्यांनी आठवलं. तोवर त्याचे आणखी आठ-दहा शब्द झाले होते.

गहू-दुधाचंही तसंच. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला १४ ऑटिस्टिक मुलांवर काळजीपूर्वक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापला. दोन्ही बंद ठेवून मधूनच गुपचूप गहू किंवा दूध खाऊ घातलं. वागणं, झोप, पोट, कशातच फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण मिलिंद, आर्यच्या ताटात दही ही एकच धड गोष्ट आहे. तीही काढून घ्यायची?

आता बाटली कुठे लागते ते. ऑटिझमला नाही, ताटातल्या खड्ड्याला. २०१५ मध्ये इथल्या, अमेरिकेतल्या ३६८ ऑटिस्टिक मुलांचा आहार तपासला गेला. ५६ टक्के मुलं काही ना काही सप्लिमेंट घेत होती. तरीही अनेकांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमीच पडत होतं, आणि काहींचं अ जीवनसत्त्व नि झिंक मर्यादेबाहेर गेलं होतं. म्हणजे जे नको ते जास्त, हवं ते नाही. दोन-तीन पदार्थांवर जगणारी काही ऑटिस्टिक मुलं लंगडायला लागतात, हिरड्यांतून रक्त येतं, एमआरआयपर्यंत वेळ जाते आणि शेवटी निघतं स्कर्व्ही. खलाशांचा आजार, क जीवनसत्त्वाच्या अभावाचा.

ओंकार रात्रभर पाय झाडायचा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं तर तळाला. डॉक्टरांनी लोह दिलं आणि दोन-तीन महिन्यांत घर झोपायला लागलं. सात बाटल्यांत लोह नव्हतंच! तेव्हा आधी रक्त तपासून घे आणि आर्यच्या आठवड्याच्या खाण्याची वही डाएटिशियनला दाखव.

मेलाटोनिनला मात्र झोपेपुरता बरा आधार आहे. फक्त डॉक्टरांना डोस विचार, आणि गमी नको. २०२३ मध्ये २५ गमीज तपासल्या, त्यांतल्या २२ मध्ये लेबलाप्रमाणे माल नव्हता. एकीत मेलाटोनिन अजिबात नाही, एकीत लिहिलंय त्याच्या साडेतीनपट. १९९४ च्या कायद्यामुळे सप्लिमेंट विकण्याआधी एफडीएची (सरकारी औषध नियामकाची) मंजुरी लागत नाही, म्हणून हे चालतं. यूएसपीचा (गुणवत्ता तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा) शिक्का असलेली बाटली घे.

प्रेषक: मिलिंद

शुभाताई, मान्य, मी ऐकीव लिहिलं. पण २०२५ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनच्या पत्रकार परिषदेत ऑटिझमसाठी ल्यूकोव्होरिनचं सांगितलं होतं, त्याचं काय? तेही जीवनसत्त्वच ना?

प्रेषक: शुभांगी

फोलेटचंच (बी-९ जीवनसत्त्वाचं) रूप आहे, पण ते प्रिस्क्रिप्शनचं औषध. मी ते रोज कॅन्सर वॉर्डात पाठवते, मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाचा मोठा डोस दिल्यावर शरीर सावरायला. ऑटिझमसाठी ४८ मुलांची १२ आठवड्यांची एक चाचणी झाली. बोलण्यात काहींना फायदा दिसला, रक्तात विशिष्ट अँटिबॉडी असलेल्यांना जास्त. कुतूहल वाटावं असं आहे, पण सगळ्यांना द्यावं एवढं नाही. नेहा, हे आर्यच्या न्यूरॉलॉजिस्टशीच बोल, त्या नावाखाली ऑनलाइन काही मागवू नकोस.

सुवर्णप्राशनाचं राहिलं. सोन्याचं भस्म, तूप, मध. आमच्या आईनेही पुष्य नक्षत्र बघून पाठवलं होतं. पण २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. सगळी वाईट असतात असं नाही, पण तुझ्या बाटलीत काय आहे ते तुला कळणार नाही, आणि वाढत्या मेंदूला शिसं नकोच. सासूबाईंना दुसरं काम दे. आर्य पांढरंच खातो ना? तांदळाची ताकातली उकड दहीभाताच्या शेजारी चमचाभर वाढायची. खा म्हणायचं नाही, नुसती ताटात राहू दे. आमच्याकडे उकडीला दोन महिने लागले होते.

प्रेषक: नेहा

ताई, सासूबाईंना फोन केला. थोड्या हिरमुसल्या, मग विचारलं, उकडीला लसूण चालेल का त्याला. रक्त तपासायची वेळ मंगळवारी दुपारी मिळाली आहे. मागच्या वेळी चौघांनी धरावं लागलं होतं, तेच डोळ्यांसमोर येतंय.

प्रेषक: शुभांगी

बधिर करणारं क्रीम डॉक्टरांकडून आधीच लिहून घे, सुईच्या तासभर आधी लावायचं. त्याचा आवडता व्हिडिओ तोवर दाखवू नकोस, खुर्चीतच लावायचा. मंगळवारी माझी शिफ्ट बाराला संपते. पत्ता पाठव, येते.