मदत हवी आहे : ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली कर्णबधिर मुलगी

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या खोप्यांवर मी मुलांना शिकवायला जाते. तिथं बीडहून आलेल्या जोडप्याची नऊ वर्षांची लेक जन्मापासून ऐकू शकत नाही. आईबाप पहाटेच फडात, ही दिवसभर धाकट्या भावाला सांभाळते. प्रत्येक बैलासाठी तिची वेगळी खूण आहे, स्वतः तयार केलेली! इतकी हुशार पोर.

जवळच्या शाळेनं "विशेष शिक्षक नाही" म्हणून परत पाठवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण टक्केवारी दाखवायला प्रमाणपत्रच नाही.

आधारवर पत्ता बीडचा असताना कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात श्रवण तपासणी आणि यूडीआयडीचं (दिव्यांग ओळखपत्राचं) काम कुणी करून घेतलंय का? कुठली कागदपत्रं लागली? समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतल्या विशेष शिक्षकांना कुणी ओळखत असेल तर कृपया जोडून द्या. भारतीय सांकेतिक भाषा येणारं कुणी आठवड्यातून तासभर येईल का? नेण्या-आणण्याचं मी बघते.

मार्चच्या आसपास पट्टा पडला (कारखान्याचा गाळप हंगाम संपला) की ही मंडळी गावाकडं जातील, म्हणून घाई आहे.