मदत हवी आहे: थंडीत गोबरगॅस मंदावलाय, शेण वाढवू की कमी करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही निफाड तालुक्यातले. मळ्यात जमिनीखालचा दीनबंधू गोबरगॅस आहे. उन्हाळ्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक होऊन गॅस उरतो. पण थंडीच्या लाटेत इथला पारा ५ अंशांच्या आसपास येतो, तेव्हा सकाळचा चहा झाला की शेगडी मिणमिणायला लागते. स्लरी (टाकीतलं पातळ शेण) १९ अंशांवर आहे, सामू (pH, आम्लतेचं माप) पट्टीवर ६.७. बाहेर पडणाऱ्या स्लरीला आंबूस वास येतोय, त्याचीच जास्त काळजी वाटते.

मला समजलं ते असं: आधीचे जिवाणू शेण कुजवून आम्लं करतात आणि शेवटी मिथेन करणारे सूक्ष्मजीव ती संपवतात. हे मूळचे गुरांच्या पोटातले, ३८-३९ अंशांना सरावलेले. टाकीत ३५ च्या आसपास जोमात असतात. २० च्या खाली मिथेनवाले आम्लवाल्यांहून जास्त मंदावतात, मग आम्ल साठतं. असं असेल तर गॅस कमी म्हणून शेण वाढवणं उलटंच पडेल ना? घरात मात्र सगळे तेच सांगताहेत.

रोजच्या काल्यासाठी (टाकीत घालायच्या शेण-पाण्याच्या मिश्रणासाठी) कोमट पाणी वापरलं तर फरक पडेल का? आणि बाहेरून सूक्ष्मजीवांचं कल्चर आणून घालावं का?

प्रतिसाद:

ताई, शेण वाढवू नका. उलट वास जाईपर्यंत निम्म्यावर आणा, म्हणजे साठलेलं आम्ल संपवायला मिथेनवाल्यांना वेळ मिळेल. देशातल्या थंड डोंगराळ भागात टाकी मुळातच ५५ दिवसांच्या मुक्कामाची बांधतात, ती याचसाठी.

कोमट पाणी जरूर घाला, पण हिशेब बघा. शेण टाकीत ४० दिवस राहतं असं धरलं, तर रोजचा काला टाकीच्या चाळिसाव्या भागाएवढाच. तो १० अंशांनी गरम केला तरी टाकी जेमतेम पाव अंश चढते. खरा फायदा ऊब धरून ठेवण्यात आहे. डोमवरच्या (टाकीच्या घुमटावरच्या) मातीवर उसाच्या पाचटाचा जाड थर द्या, वर प्लास्टिक टाका. काला दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा. उकळतं पाणी मात्र ओतू नका, एकदम बदललेलं तापमान मिथेनवाल्यांना सोसत नाही.

कल्चरवर पैसे घालवू नका. ताज्या शेणातून हे सूक्ष्मजीव रोज येतातच, अडचण उबेची आहे. सामू ७ च्या आसपास टिकला की शेण थोडं थोडं वाढवत न्या.