मदत हवी आहे: प्रागमध्ये दीड दिवस, सोबत आईचे गुडघे

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात शनिवार दुपार आणि अख्खा रविवार प्रागला आहोत. आई ७१ वर्षांची, उत्साह दांडगा, पण गुडघे कुरकुरतात.

सेंट व्हायटस कॅथेड्रल तिला पाहायचंच आहे. १३४४ ला पाया घातला आणि पूर्ण झालं १९२९ ला, हे ऐकून म्हणाली, "आपल्या पुलांची उगाच बदनामी!" तिथल्या मनोऱ्याच्या २८७ पायऱ्या अर्थातच बाद. त्याऐवजी जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावर लिफ्टने जाऊ, खाली १४१० चं खगोलीय घड्याळही बघून होईल.

अडचण अशी, की रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे कॅथेड्रल पर्यटकांना दुपारी १२ नंतरच खुलं. मग शनिवारीच उरकावं का? २२ नंबरच्या ट्रामने पोहोरझेलेत्सला उतरून, कॅथेड्रल ज्याच्या आवारात आहे त्या किल्ल्याकडे उतारानेच चालता येतं म्हणे. आईला घेऊन कोणी गेलंय का? दगडी फरशांवर कितपत त्रास होतो?

आणि माला स्त्राना भागातलं सेंट निकोलस चर्च, जिथला ऑर्गन मोझार्टने वाजवला होता, तिथली संध्याकाळची मैफल तिकिटाच्या पैशांना जागते का? की नुसतं आतून बघून यावं?